गायकाच्या शोधात ‘ड्रीम थिएटर’

1985 साली बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात जॉन पेट्रुची, जॉन म्यांग आणि माइक पोर्टनॉय या तीन विद्यार्थ्यांनी ‘मॅजेस्टी’ नावाचा बँड काढला. त्याच नावाचा दुसरा बँड असल्याने पुढे ते नाव सोडावे लागले. पोर्टनॉयच्या वडिलांनी कॅलिफोर्नियातल्या एका चित्रपटगृहाचे नाव सुचवले, ‘ड्रीम थिएटर’. 1989चा पहिला अल्बम फारसा खपला नाही आणि गायक चार्ली डॉमिनिचीही वेगळा झाला.

प्रोग्रेसिव्ह मेटलच्या इतिहासात मला यानंतरचा काळच निर्णायक वाटतो. गायक मिळत नव्हता, तरी हे तिघे आणि कीबोर्डवादक केविन मूर नव्या रचना बांधत राहिले. सात मात्रांचा रूपक ऐकलेल्या आपल्या कानांना त्यांतली विषम आवर्तने अगदीच परकी वाटत नाहीत. 1991मध्ये कॅनडाचा जेम्स लाब्री आला. 1992च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’मधले ‘पुल मी अंडर’ हे आठ मिनिटांहून मोठे गाणे रेडिओवर गाजले. गाणे लहान असले तरच चालते, हा बाजाराचा हिशेब तिथे चुकला. माझ्या मते, त्या यशाचा पाया गायकाविना काढलेल्या दिवसांतच घातला गेला होता.