अक्षर आणि सण : बेने इस्राएलांचें बालशिक्षण

कोणताहि धर्म ग्रंथाच्या आधारानें टिकतो, अशी सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत असते. ग्रंथ हरवला, भाषा विस्मृतींत गेली, उपदेशक उरला नाहीं, म्हणजे धर्मास ओहोटी लागावयाचीच, असें आपण गृहीत धरून चालतों. परंतु आमच्याच कोंकणांत, अलीबागेच्या आसपासच्या खेड्यांत, एका लहानशा समाजानें ही समजूत खोटी ठरविली आहे. तो समाज म्हणजे बेने इस्राएल. त्यांच्या मुलांस हिब्रू अक्षरें कशीं मिळालीं, आणि तीं मिळण्यापूर्वीं त्यांस धर्माचें शिक्षण कोण देत असे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय एका अल्पसंख्य समाजाचा असला, तरी त्यांतील मर्म प्रत्येक घरास लागू पडणारें आहे.

यहुदी लोकांत बालशिक्षणाची चाल फार जुनी. येरुशलेमचें मंदिर इ. स. 70 मध्यें रोमन सैन्यानें उद्ध्वस्त केलें. त्यापूर्वीं थोड्याच वर्षांमागें यहोशुआ बेन गम्ला नांवाच्या महायाजकानें गांवोगांव शिक्षक नेमून सहा-सात वर्षांच्या मुलांस त्यांच्या हवालीं करण्याची व्यवस्था लावली, असें तालमूद सांगतें. एका शिक्षकाकडे पंचवीस मुलें असावींत, असाहि दंडक तेथें आढळतो. मध्ययुगांत युरोपांतील कांहीं यहुदी समाजांत मुलाच्या विद्यारंभाच्या दिवशीं पाटीवरील अक्षरांस मध लावून तें त्यास चाटावयास देत. विद्या गोड आहे ही गोष्ट बुद्धीच्या आधीं जिभेस कळावी, हा त्यांतील हेतु. आमच्याकडे धूळपाटीवर श्रीगणेशा गिरविणाऱ्या मुलाच्या हातावर खाऊ ठेवीत, त्याचें हें दूरचें भावंडच म्हणावयाचें.

ह्या शाळेच्या जोडीस दुसरी एक शाळा होती, ती घरची. वल्हांडणाच्या रात्रीं, म्हणजे मिसर देशाच्या दास्यांतून झालेल्या सुटकेच्या स्मरणाच्या रात्रीं, घरांतील सर्वांत धाकट्या मुलानें विचारावयाचें कीं, आजची रात्र इतर रात्रींहून निराळी कां? आज बेखमीर भाकर कां, कडू भाजी कां? आणि वडिलांनीं उत्तरादाखल साऱ्या पूर्वजांची कथा सांगावयाची. ताटांतील पदार्थ असे मांडलेले कीं मुलास प्रश्न पडलाच पाहिजे. अक्षर शिकविण्यापूर्वीं कुतूहल जागें करण्याची ही युक्ति आम्हांस फार मार्मिक वाटते.

आतां कोंकणाकडे वळूं. बेने इस्राएलांची परंपरा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत नवगांवच्या किनाऱ्यानजीक फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढीं वांचलीं, आणि जवळ असलेले ग्रंथ समुद्रानें नेले. ही घटना कोणत्या शतकांतील, ह्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. एवढें मात्र निश्चित कीं, हे लोक तेलाचे घाणे चालवूं लागले, शनिवारीं घाणा बंद ठेवूं लागले, आणि त्यामुळें शेजाऱ्यांनीं त्यांस ‘शनवार तेली’ हें नांव दिलें. त्यांची भाषा मराठी झाली. आडनांवें दिवेकर, केहिमकर, राजपूरकर अशीं गांवांवरून पडलीं. हिब्रूपैकीं मुखीं उरली ती ‘शेमा’ ही एक एकेश्वरवाची प्रार्थना. जन्म, सुंता, लग्न, नवस, प्रत्येक प्रसंगीं तीच म्हणावयाची.

मग मुलांस धर्म कोणी शिकविला? आमचें उत्तर असें कीं, सणांनीं आणि ते सण करणाऱ्या आयांनीं. ह्या सणांचीं हिब्रू नांवें केव्हांच लोपलीं होतीं. त्यांच्या जागीं अस्सल मराठी नांवें आलीं होतीं. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा दिवस तो ‘दारफाळणीचा सण’. त्या दिवशीं पांढरीं वस्त्रें नेसून, दारें लावून, कोणाचा स्पर्श न होऊं देतां कडक उपास करावयाचा. दुसऱ्या दिवशींचा ‘शिळा सण’ दानधर्माचा व भेटीगांठींचा. ‘खिरीचा सण’ आपल्या नांवानेंच आपली ओळख सांगतो. वल्हांडणास ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. आंबट रसाचें मडकें झांकून ठेवण्याची आठवण त्या नांवांत राहिली आहे. पूरीम हा होळीच्या सुमारास येतो, म्हणून तो ‘होळीचा सण’. मंदिराच्या नाशाचा दुखवटा तो ‘बिरड्याचा सण’; त्या दिवशीं वालाचें बिरडें हेंच अन्न. ज्या मुलास येरुशलेम हें नांवहि सांगतां आलें नसतें, तें मुलगें बिरड्याच्या घासाबरोबर शोक मात्र शिकत होतें. कारण विसरलें, पण कृति राहिली.

ह्या विझूं पाहणाऱ्या निखाऱ्यावर पहिली फुंकर घातली ती दाविद राहबी नांवाच्या पाहुण्यानें, असें परंपरा सांगते. तो कोण व केव्हां आला, ह्याविषयींहि वाद आहे. कथा अशी कीं, त्यानें येथील स्त्रियांपुढें निरनिराळ्या जातींचे मासे ठेविले. त्यांनीं पंख व खवले असलेले तेवढे वेगळे काढले, आणि हे आपलेच बांधव अशी त्याची खात्री पटली. परीक्षा पुरुषांची नव्हे तर स्त्रियांची, आणि ती ग्रंथाची नव्हे तर स्वयंपाकाची, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. त्यानें तीन तरुण निवडून त्यांस हिब्रू व विधि शिकविले. तेच पुढें ‘काजी’ म्हणून समाजाचे पुरोहित व न्यायदाते झाले.

पुढें मुंबई वाढली आणि बेने इस्राएल कोंकण सोडून पलटणींत, गोद्यांत व कचेऱ्यांत शिरले. सामाजी हसाजी दिवेकर ह्या लष्करी अधिकाऱ्यानें 1796 मध्यें मांडवी भागांत त्यांचें पहिलें सभास्थान बांधविलें. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत कोचीनहून हिब्रू जाणणारे यहुदी शिक्षक येऊं लागले. ह्याच सुमारास दुसरे शिक्षकहि आले, आणि ते मात्र वेगळ्या हेतूनें. अमेरिकन मिशनानें व पाठोपाठ स्कॉटिश मिशनानें ह्या समाजाच्या मुलामुलींसाठीं शाळा उघडल्या. डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं 1832 मध्यें हिब्रू व्याकरणाचें मराठी पुस्तक प्रसिद्ध केलें. मिशनऱ्यांस ह्या मुलांचें धर्मांतर व्हावें अशी आशा होती. मुलांच्या वडिलांस त्यांनीं आपल्या पूर्वजांची भाषा शिकावी अशी इच्छा होती. एकाच वर्गांत, एकाच पुस्तकावर, हे दोन हेतु समोरासमोर बसले होते. परिणाम काय झाला? अगदीं थोडे अपवाद सोडले तर बेने इस्राएलांनीं अक्षरें घेतलीं आणि धर्म आपलाच ठेविला. ज्या मुलाच्या घरीं शनिवार पाळला जात होता, त्यास मूळ ग्रंथ वाचतां येतांच तो परका न होतां अधिकच यहुदी झाला.

येथें मराठीनें केलेली कामगिरी विसरतां येत नाहीं. हिब्रू ही उजवीकडून डावीकडे चालणारी, बावीस व्यंजनांची लिपि. स्वरांच्या खुणा बहुधा अक्षरांखालीं ठिपक्या-रेघांनीं दाखवावयाच्या. ज्यानें बाराखडी घोकली आहे, उकार-मात्रांशीं ज्याचा परिचय आहे, त्या मुलास ही कल्पना फारशी अवघड जाऊं नये. अर्थ मात्र मायबोलींतच सांगावा लागे. म्हणून 1846 मध्यें मुंबईंत वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर निघाली. 1874 मध्यें पुण्यास दुसरी छापली गेली, आणि तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडीं नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांनीं हिब्रू प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें करण्यांत आयुष्य वेंचलें. मुंबई विश्वविद्यालयाचे ते हिब्रूचे परीक्षकहि होते. 1880 च्या सुमारास तर अब्राहाम, योसेफ ह्यांचीं आख्यानें लावून कीर्तनें होऊं लागलीं. ज्या आजीस अक्षरओळख नव्हती आणि ज्या नातवास अद्याप ती व्हावयाची होती, ते दोघेहि एकाच बैठकींत तीं ऐकूं शकत.

ह्या प्रयत्नांस संस्थेचें रूप दिलें तें हाईम सामुएल केहिमकर ह्यांनीं. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1875 मध्यें मुंबईंत इस्राएली शाळा स्थापन केली. तेथें इतर विषयांच्या बरोबरीनें हिब्रू शिकविली जाई. पुढें ती माझगांवची सर एली कदूरी शाळा म्हणून प्रसिद्धीस आली. 1905 च्या मॅट्रिक परीक्षेंत मुलींत पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन ह्यांनीं 1922 पासून दीर्घकाळ तिचें मुख्याध्यापकपद भूषविलें. ज्या समाजांत धर्माची थाती पिढ्यान् पिढ्या स्त्रियांनीं स्वयंपाकघरांत सांभाळली, त्याच्या शाळेचें सुकाणू एका विदुषीच्या हातीं यावें, हें यथायोग्यच झालें.

तथापि ह्या लाभास एक किंमत पडली. शुद्ध हिब्रू नांवें आलीं तसे ‘दारफाळणी’ आणि ‘बिरड्याचा सण’ हे शब्द मागें सरले. विधि कसा करावा हें आईच्या संवयीऐवजीं छापील पुस्तक सांगूं लागलें. सुधारणेच्या ओघांत हें अटळ होतें. पण त्या जुन्या नांवांस अज्ञानाचें चिन्ह समजणें हा अन्याय होईल. इतिहासानेंहि तसा अन्याय एकदां केलाच. 1948 नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येनें इस्राएलांत गेले. तेथें 1961-62 मध्यें, त्यांच्या इतर यहुद्यांशीं होणाऱ्या विवाहांबाबत, धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या वंशशुद्धीचे पुरावे मागितले. ज्यांनीं ग्रंथावांचून धर्म राखला, त्यांच्यापाशीं लेखी पुरावा कोठून असावा? मोठें आंदोलन झालें, आणि 1964 मध्यें तेथील विधिमंडळानें ते सर्वार्थानें यहुदी असल्याचा निर्वाळा दिला.

आज प्रश्न उलटा झाला आहे. इस्राएलांत वाढणाऱ्या मुलांस हिब्रू न शिकवितां येते. त्यांस शिकवावी लागते ती मराठी. तेथें ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक निघालें, तें ह्याच काळजीपोटीं. कोंकणांत त्यांच्या पूर्वजांजवळ सण होते, अक्षरें नव्हतीं. आतां अक्षरें भरपूर आहेत. ह्या इतिहासावरून आमचें मत असें झालें आहे कीं, शाळा अक्षर देऊं शकते, पण त्या अक्षराची तहान घरच लावूं शकतें. जो समाज आपल्या मुलास ‘आज असें कां?’ हा प्रश्न विचारावयास लावतो, त्यास उत्तर देणारा ग्रंथ उशिरानें कां होईना सांपडतो. आणि ज्या घरांत तो प्रश्न निघत नाहीं, तेथें ग्रंथांनीं भरलेलीं कपाटें असूनहि उपयोग नसतो. आपल्या मुलांच्या भाषेची व सणावारांची चिंता वाहणाऱ्या कोणत्याहि मराठी कुटुंबानें ह्या शेजाऱ्यांचा हा धडा ध्यानांत ठेवावा.