मोरी, सिंक आणि भरतीची वेळ

वसईच्या जुन्या घरांत 'सिंक तुंबलं' ही तक्रारच नव्हती. होती ती मोरी, कोपऱ्यात, जमिनीलगत. भांडी राखेनं आणि नारळाच्या काथ्यानं घासायची, पाणी भिंतीतल्या भोकातून मागच्या वाडीत, केळी-अळूच्या मुळाशी. अडलं तर काडी घातली की झालं, कारण पाण्याची सगळी वाट डोळ्यांसमोर होती.

१९३६ साली विजेवरची लोकल विरारपर्यंत आली. पुढे इमारती उभ्या राहिल्या, मोरी ओट्यावर चढून तिचं सिंक झालं आणि पाण्याची वाट भिंतीत लपली.

वाट बंद पाइपातून गेली की गटाराचा वास उलटा घरात येतो. लंडनमध्ये घड्याळं बनवणाऱ्या अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये शौचकूपासाठी त्यावर उपाय काढला, पेटंटही घेतलं. पाइपला बाक द्यायचा. बाकात थोडं पाणी साचून राहतं, तेच वासाला अडवतं. आपल्या सिंकखालच्या ट्रॅपमध्येही हेच तत्त्व. पण जिथं पाणी मुद्दाम अडवलंय, तिथंच तेल-तुपाचा थरही बसतो. (आणि तो काढणं बहुतेक घरांत बायकांच्याच कपाळी!)

तेव्हा पाणी हळू जाऊ लागलं की खाली बादली ठेवा, ट्रॅप हातानं फिरवून काढा, थर खरवडा, वॉशर नीट बसवून परत लावा. नागमोडी प्लास्टिकचा पाइप असेल तर त्याच्या वळ्यावळ्यांत चिकटा असतो; तो बदललेलाच बरा. ॲसिड मात्र ओतू नका.

एवढं करूनही फरक नाही, न्हाणीतलं पाणीही रेंगाळतंय? मग दोष तुमच्या ट्रॅपचा नाही. चेंबर उघडून बघायला सांगा. वरच्या चार मजल्यांची फोडणी तळमजल्याच्या तोंडाशी येऊन थांबते, आणि पुष्कळदा प्लंबरचे पैसेही तळमजलाच देतो. मला हा अन्याय वाटतो. उभा पाइप सगळ्यांचा, तर खर्चही सगळ्यांचा.

पावसाळ्यात आणखी एक बघायचं, भरतीची वेळ. आपला मुलूख सखल, पाणी शेवटी खाडीला जाणार; खाडीच भरलेली असेल तर गटार ओढणार कुठून? मिठागरं आणि पाणथळ जागा हे पाणी पोटात घ्यायच्या, त्यांतल्या कित्येकांवर भराव पडला. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून लोकल थांबल्या, ते आठवत असेल. अशा दिवशी सिंकमध्ये सळई खुपसून काही होत नाही. ओहोटी लागू द्या, चेंबरचं पाणी उतरतंय का पाहा, आणि मगच प्लंबरला फोन करा.