तळटीप : ‘आईची धडधड’
* आईची धडधड, हातांची थरथर, ऐन पौषात पंखा लावायचा हट्ट : घरच्यांनी हे सारं ‘मनाला लावून घेतलं’ म्हणून सोडून दिलं. वर्णन मात्र थेट अतिसक्रिय थायरॉईडचं आहे. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५मध्ये नोंदवलेल्या तीन स्त्रियांचीही मुख्य तक्रार धडधडीचीच होती. शरीर घाबरल्यासारखं वागतं, पण रक्तात ॲड्रेनलिन वाढलेलं नसतं. थायरॉईडच्या संप्रेरकामुळे हृदयातले, ॲड्रेनलिन टिपणारे बीटा ग्राही वाढतात आणि नेहमीचाच इशारा त्याला जोरात ऐकू येतो. म्हणून हे ग्राही अडवणाऱ्या प्रोप्रॅनोलॉल या औषधाने धडधड शमते, मूळ आजार तसाच राहतो. थायरॉईड मंदावला की नाडी संथ, त्वचा कोरडी, बद्धकोष्ठ. गंमत म्हणजे तेव्हा रक्तातलं नॉरॲड्रेनलिन बहुधा वाढलेलं सापडतं. — संपा.