धांवता कुत्रा आणि राजाचा कायदा

कुत्रा हा माणसाचा सर्वांत जुना सोबती होय, हें शाळकरी मुलासही ठाऊक असतें. परंतु हा सोबती कोणीं बाळगावा आणि कोणीं बाळगूं नये, हा प्रश्न एके काळीं राजसभेंत आणि न्यायमंदिरांत किती गंभीरपणें चर्चिला जात असे, याची कल्पना आपल्यांपैकीं थोड्यांसच असेल. आज मी आपणांस इंग्लंडांतील शिकारी कुत्र्यांचा इतिहास सांगणार आहें. वरवर पाहतां हा करमणुकीचा विषय वाटेल. पण त्या कुत्र्याच्या मागोमाग आपण थोडें चालत गेलों, तर तो आपल्याला जमिनीच्या मालकीपाशीं, गरीब-श्रीमंतांच्या भांडणापाशीं आणि शेवटीं मनुष्याच्या विवेकबुद्धीपाशीं नेऊन पोंचवितो.

प्रथम या कुत्र्यांची ओळख करून घेऊं. कामावरून त्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग डोळ्यांनीं शिकार करणारांचा. ग्रेहाउंड हा त्यांचा शिरोमणि. लांब पाय, खोल छाती, आंत ओढलेलें पोट आणि ताशीं साठ किलोमीटरांहून अधिक वेग. ससा दिसला कीं तो सुटतो. ससा दिसेनासा झाला कीं त्याचें काम संपलें. दुसरा वर्ग नाकानें शिकार करणारांचा. फॉक्सहाउंड टोळीनें चालतात आणि कोल्ह्याचा माग काढीत मैलच्या मैल तुडवितात. तिकडचा हा तांबडा कोल्हा म्हणजे आपल्या खोकडाचा भाऊबंद. तिसरा वर्ग टेरिअरांचा. लॅटिन भाषेंत 'टेरा' म्हणजे भूमि. तिच्या पोटांत शिरतो तो टेरिअर. १५७० सालीं डॉ. जॉन कीज या इंग्रज वैद्यानें ब्रिटनच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्यें एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत बिळांत घुसून कोल्ह्यास व बॅजर नांवाच्या प्राण्यास बाहेर हुसकणाऱ्या या लहानग्या कुत्र्याचा उल्लेख सांपडतो.

ग्रेहाउंडाच्या शिकारीचें जुनें सविस्तर वर्णन मात्र इंग्लंडांतलें नाहीं. ज्याच्या लेखणीमुळें अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांची हकीकत आपल्यापर्यंत आली, त्या अरिअन नांवाच्या ग्रीक ग्रंथकारानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत शिकारीवरही एक लहानसा ग्रंथ लिहिला. गॉल देशांतील केल्ट लोकांच्या धांवत्या कुत्र्यांचें त्यानें मोठें कौतुक केलें आहे. एका सशावर दोहोंहून अधिक कुत्रे सोडूं नयेत, त्यास पुढें जाण्यास अवसर द्यावा, आणि ससा निसटला तर खऱ्या शिकाऱ्यानें आनंदच मानावा, असा त्याचा उपदेश आहे. मांसासाठीं नव्हे, तर शर्यत पाहण्यासाठीं हा खेळ आहे, असें त्याचें म्हणणें. विचार उदात्त खरा. पण त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ज्याच्या घरीं चूल पेटलेली आहे, त्यालाच ससा निसटल्याचा आनंद मानतां येतो.

१०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, आणि त्यांच्या राजांनीं शिकारीसाठीं देशाचे मोठमोठे भाग 'फॉरेस्ट' म्हणून राखून ठेवले. फॉरेस्ट म्हणजे केवळ झाडी नव्हे. त्यांत गांवें होतीं, शेतें होतीं, कुरणें होतीं. मात्र तेथील हरिण राजाचें आणि त्यावरील कायदाही राजाचा स्वतंत्र. अशा मुलखांत राहणाऱ्या शेतकऱ्यास राखणीसाठीं दांडगा कुत्रा ठेवणें भाग असे. पण त्या कुत्र्यानें हरणामागें धांवूं नये म्हणून त्याच्या पुढच्या पायाच्या तीन नख्या छाटून टाकीत. १२१७ सालची वनांची सनद ही प्रजेस दिलासा देणारी म्हणून इतिहासांत गाजलेली आहे. या सनदेनेंही ती चाल बंद केली नाहीं. दर तीन वर्षांनीं तपासणी व्हावी, पायाची गादी कापूं नये, आणि ज्याचा कुत्रा अशा रीतीनें लंगडा केलेला नसेल त्यास तीन शिलिंग दंड व्हावा, एवढेंच तिनें ठरवून दिलें. दयेची परिसीमा ती एवढीच! राजाचें हरिण सुखानें चरावें म्हणून कुणब्याचा कुत्रा पांगळा व्हावा, यांत त्या काळीं कोणास विपरीत वाटत नव्हतें.

पुढें १३८१ सालीं इंग्लंडांत शेतकऱ्यांचें प्रचंड बंड झालें. तें मोडल्यावर नऊ वर्षांनीं, १३९० सालीं, दुसऱ्या रिचर्ड राजाच्या पार्लमेंटानें एक कायदा केला. वर्षाला चाळीस शिलिंगांहून कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या गृहस्थानें, आणि दहा पौंडांहून कमी प्राप्ति असलेल्या पाद्र्यानें, ग्रेहाउंड किंवा दुसरा शिकारी कुत्रा बाळगूं नये. बाळगल्यास एक वर्ष तुरुंग. कायद्याच्या प्रस्तावनेंत कारणही दिलेलें आहे. कारागीर, मजूर आणि चाकर लोक सणावारीं, सज्जन प्रार्थनेस गेले असतां, कुत्रे घेऊन शिकारीस जातात आणि त्या निमित्तानें एकत्र जमून कटकारस्थानें करतात! सरकारास सशाची चिंता होती कीं रानांत जमणाऱ्या माणसांची, हें निराळें सांगावयास नको.

१६७१ सालच्या कायद्यानें ही भिंत आणखी उंच केली. आतां शिकारीचा हक्क मिळविण्यास वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची जमीन, किंवा तशीच मोठी पट्ट्याची मिळकत, अथवा उच्च कुळांतील जन्म आवश्यक झाला. लहान शेतकऱ्यास आपल्याच शेतांत आपलेंच पीक खाणारा ससा मारण्याची बंदी झाली. जमीनदाराच्या रखवालदारास घरांची झडती घेऊन बंदुका, जाळीं, ग्रेहाउंड आणि लर्चर जप्त करण्याचा अधिकार मिळाला. अठराव्या शतकांतील थोर कायदेपंडित ब्लॅकस्टन यानें या कायद्यातील विसंगति मार्मिकपणें दाखवून दिली. परगण्याचा प्रतिनिधि निवडण्यास जेवढी मालमत्ता लागे, तिच्या पन्नासपट मालमत्ता एक तित्तर मारण्यास लागत होती.

लर्चर हें नांव आपल्याला अपरिचित वाटेल. ग्रेहाउंड आणि मेंढपाळाचा कुत्रा यांच्या संकरापासून झालेला हा कुत्रा. बापाचे पाय आणि आईची अक्कल! तो भुंकत नाहीं, इशाऱ्यावर चालतो, रात्रीं ससा तोंडांत धरून निमूटपणें धन्याच्या पायाशीं आणून ठेवतो. ग्रेहाउंड हा सरदारांचा कुत्रा, तसा लर्चर हा चोरशिकाऱ्यांचा. त्याचें रूप ओबडधोबड असे, आणि त्यांतच त्याची सुरक्षितता होती; रस्त्यानें चालला तर कोणासही तो मेंढ्या वळणारा साधा कुत्रा वाटावा. पण पकडला गेला तर त्याच्या धन्यावर येणारी आपत्ति साधी नव्हती. १७२३ च्या कायद्यानें, तोंडास काळें फांसून हत्यारानिशीं राखीव रानांत शिरणें हा फांशीचा गुन्हा ठरला होता. १८२८ च्या कायद्यानें रात्रीच्या चोरशिकारीच्या तिसऱ्या गुन्ह्यास सात वर्षांपर्यंत काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. मालमत्तेची ती जुनी अट १८३१ सालीं रद्द झाली. आणि कुळानें कसलेल्या जमिनीवरील ससे मारण्याचा कुळाचा हक्क, जमीनदारास काढून घेतां येणार नाहीं अशा स्वरूपांत, १८८० सालीं मान्य झाला.

आतां थोडें टेरिअराकडे वळूं. कोल्हा हा मुळांत उपद्रवी प्राणी. १५६६ च्या कायद्यानें कोल्ह्याच्या डोक्यामागें गांवकीनें बारा पेन्स बक्षीस द्यावयाचें होतें. परंतु पुढें हरणांचीं रानें कमी झालीं आणि सरदारांच्या घोड्यांस दौडीसाठीं दुसरें सावज हवें झालें. लेस्टरशायरांतील ह्यूगो मेनेल यानें १७५३ पासून वेगवान फॉक्सहाउंडांची पैदास हातीं घेतली, आणि तोच हीन कोल्हा मानाचें सावज बनला. कोल्हा बिळांत शिरला कीं घोडेस्वारांची सारी ऐट थांबे. मग टेरिअर आणीत. डेव्हन परगण्यांतील पाद्री जॉन रसेल यानें ऑक्सफर्डमध्यें विद्यार्थी असतांना, १८१९ च्या सुमारास, एका गवळ्याकडून ट्रंप नांवाची पांढरी कुत्री विकत घेतली. आज जगभर 'जॅक रसेल' म्हणून ओळखली जाणारी टेरिअराची जात तिच्यापासून निघाली असें मानतात. बिळांत कोल्ह्यास ठार मारणारा नव्हे, तर भुंकून त्यास बाहेर काढणारा कुत्रा त्यास हवा होता. कारण कोल्हा बिळांतच मेला तर दौड कोठली? हाच लहानगा प्राणी खाणींतल्या मजुराच्या झोंपडींतही होता. तेथें तो उंदीर मारी, आणि कधीं धन्याच्या पैजांसाठीं बॅजराशीं झुंजे.

श्रीमंतांच्या बाजूस याच वेळीं मोठा उत्सव उभा राहिला. लिव्हरपूलनजीक आल्टकारच्या सपाट मैदानांत १८३६ पासून 'वॉटर्लू कप' ही ग्रेहाउंडांची शर्यत भरूं लागली. घोड्यावर बसलेला पंच, दोन कुत्रे एकदम सोडणारा माणूस, पुढें जिवंत ससा. ससा मारणें हा विजयाचा मुख्य गमक नसे. त्यास कोणत्या कुत्र्यानें किती वेळां वळविलें यावर गुण मिळत. अरिअनचाच नियम तो! १८६८, १८६९ व १८७१ अशीं तीन वर्षें हा चषक जिंकणाऱ्या मास्टर मॅग्राथ या आयरिश कुत्र्यास व्हिक्टोरिया राणीनें स्वतः भेटीस बोलाविलें. १९२६ सालीं मँचेस्टर येथें विजेच्या शक्तीनें धांवणाऱ्या नकली सशामागें कुत्रे पळूं लागले, आणि गिरणीकामगारासही संध्याकाळीं ग्रेहाउंडाची शर्यत पाहतां येऊं लागली.

येथें या इतिहासांतील सर्वांत टोंचणारी गोष्ट येते. १८३५ सालीं पार्लमेंटानें प्राण्यांच्या झुंजींवर बंदी घातली. बैल, अस्वल, बॅजर, कोंबडे, कुत्रे यांस आखाड्यांत झुंजविणें गुन्हा ठरला. कायदा चांगलाच होता. पण मोकळ्या रानांतल्या घोडेस्वारांच्या शिकारीस त्यानें स्पर्श केला नाहीं. गरिबांच्या दुर्गुणांवर कडक आणि श्रीमंतांच्या दुर्गुणांवर आंधळी असलेली सुधारणा कशी असते, यावर सिडनी स्मिथ या विनोदी धर्मोपदेशकानें १८०९ मध्येंच कोरडे ओढले होते. मजुराचा क्रूर खेळ १८३५ सालीं बंद झाला. सरदाराचा खेळ बंद होण्यास २००५ साल उजाडलें. मधें एकशें सत्तर वर्षें गेलीं.

तो निकालही सहजासहजीं लागला नाहीं. २००० सालीं लॉर्ड बर्न्स यांच्या समितीनें अहवाल दिला, कीं या पाठलागामुळें व पकडीमुळें कोल्ह्याच्या हितास गंभीर बाध येतो. उलट पक्षीं, आमचा रोजगार आणि आमची राहणी शहरी लोकांनीं मोडूं नये, असें म्हणत २००२ च्या सप्टेंबरांत चार लाखांवर माणसें लंडनच्या रस्त्यांवर उतरलीं. त्यांत केवळ सरदार नव्हते. नालबंद, कुत्र्यांचे सांभाळकरी, लहान शेतकरीही होते. त्यांचें दुःख खोटें म्हणतां येणार नाहीं. अखेर उमरावांच्या सभागृहाचा विरोध बाजूस सारून २००४ चा कायदा झाला आणि १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्यें अंमलांत आला. त्याच आठवड्यांत शेवटचा वॉटर्लू कप खेळला गेला.

तरीही कायद्याच्या फटींतून जुनें जग डोकावतेंच. बिळांत टेरिअर सोडण्याची मनाई झाली, परंतु एक अपवाद राहिला. बंदुकीच्या शिकारीसाठीं वाढविलेल्या पक्ष्यांचें कोल्ह्यापासून रक्षण करावयाचें असेल, तर जमीनमालकाच्या लेखी संमतीनें एक टेरिअर बिळांत सोडतां येतो. म्हणजे गोळी घालण्यासाठीं पाळलेल्या पांखरांचें रक्षण व्हावें म्हणून ही सवलत! सातशें वर्षांपूर्वीं राजाच्या हरणासाठीं कुत्र्याच्या नख्या छाटणाऱ्यांस हा युक्तिवाद सहज उमजला असता.

आपल्या दख्खनेंतही असाच एक धांवता कुत्रा आहे. सडपातळ, लांबोळक्या तोंडाचा, चपळ. महाराष्ट्रांत त्यास कारवानी म्हणतात, तांड्यांबरोबर फिरणाऱ्यांचा म्हणून. कर्नाटकांत मुधोळ म्हणतात, कारण तेथील घोरपडे राजांनीं त्यास आश्रय दिला. एकाच कुत्र्याचीं दोन नांवें, एक पालावरचें आणि एक राजवाड्यांतलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें भारतांत शिकारीवर सर्वांसच कडक निर्बंध घातले. त्यानें राजाचा छंद गेला, आणि पारध्याचा धंदा गेला. कायदा दोघांस सारखा होता. गमावलेली वस्तु सारखी नव्हती. विलायतेंत वॉटर्लू कप संपला त्याच २००५ सालीं मुधोळ कुत्र्याचें चित्र भारताच्या टपाल तिकिटावर आलें.

सशाच्या बाजूनें पाहिलें तर कायदा उशिरा आला, पण बरा आला, असेंच कोणीही म्हणेल. मात्र कोणताही खेळ किंवा धंदा बंद करतांना तो कोणाचा आहे, आणि तो गेल्यावर त्या माणसाच्या हातांत काय उरतें, हें पाहण्याची बुद्धि कायदा करणारांस हवी. कुत्र्यास त्याच्या धन्याचें उत्पन्न ठाऊक नसतें. ससा दिसला कीं तो धांवतो. धांवूं द्यावयाचा कीं नाहीं, हें ठरविणें माणसाकडे आहे. आणि तें ठरवितांना मापें दोन नसावींत, एवढेंच या दीर्घ इतिहासाचें सांगणें आहे.