एका रात्रीचे दोन भाग

१४ मे १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या सिटी सेंटर रंगमंदिरात ‘एपिसोड्स’ हा नृत्यप्रयोग झाला. सेंट पीटर्सबर्गच्या शाही नृत्यशाळेत घडलेले बॅलेचे आचार्य जॉर्ज बॅलन्शिन आणि अनवाणी पावलांच्या आधुनिक नृत्याच्या अध्वर्यू मार्था ग्रॅहम त्यासाठी एकत्र आले. १९२१ च्या ‘संयुक्त मानापमान’च्या कथा वडीलधाऱ्यांकडून ऐकत वाढलेल्या आम्हा मंडळींना त्या रात्रीचे अप्रूप वेगळे सांगावयास नको.

संगीत आंतोन वेबर्न यांचे. १९४५ मध्ये, महायुद्ध संपल्यावर, अमेरिकन सैनिकाच्या गोळीने मृत्यू पावलेला हा ऑस्ट्रियन संगीतकार इतका मितभाषी, की त्याची एक वाद्यवृंदरचना अवघ्या सहा मात्राखंडांत आटोपते. दोन्ही संप्रदायांनी या संगीतावर एकत्र रचना करावी, असा मूळ संकल्प होता. सरकारी नोकरीत आम्ही पुष्कळ संयुक्त समित्या पाहिल्या. त्यांचे अहवाल अखेर दोन स्वतंत्र भागांतच बांधले जात. येथेही तेच घडले.

पूर्वार्ध ग्रॅहम यांचा. तीनच दिवसांपूर्वी पासष्टी पूर्ण केलेल्या ग्रॅहम स्वतः वधस्तंभाकडे निघालेली स्कॉटलंडची राणी मेरी झाल्या होत्या. इंग्लंडच्या एलिझाबेथशी असलेले तिचे वैर त्यांनी टेनिसच्या सामन्यातून दाखविले. भरजरी पोशाख, इतिहास, सूड असे सारे त्यात होते. उत्तरार्धात बॅलन्शिन यांनी कथा टाकली, पोशाखही टाकला. नर्तक सरावाच्या साध्या कपड्यांत उभे राहिले.

देवाणघेवाण झाली ती माणसांची. बॅलेच्या सॅली विल्सन एलिझाबेथ झाल्या, तर ग्रॅहम यांच्या चमूतील पॉल टेलर यांच्यासाठी बॅलन्शिन यांनी एक एकलनृत्य रचले. आमच्या मते खरा संगम त्या एकलनृत्यातच झाला: शिस्त एका घराण्याची, देह दुसऱ्याचा.

पुढे ग्रॅहम यांचा पूर्वार्ध न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या प्रयोगांतून वगळला गेला, १९६१ नंतर टेलर यांचे एकलनृत्यही. ते त्यांच्याच अंगकाठीवर बेतलेले, दुसऱ्याने करावे तरी कसे? बॅलन्शिन १९८३ मध्ये निवर्तले. त्यानंतर, १९८६ मध्ये, टेलर यांनी ते पीटर फ्रेम या बॅलेनर्तकाला शिकविले आणि पाव शतकानंतर ते उत्तरार्धात आपल्या जागी परतले.