विंचू, मांत्रिक आणि कंट्रोल ग्रुप

आमच्या सटाण्याकडे, म्हणजे बागलाणात, विंचू नवीन नाही. कांद्याच्या चाळीत, डाळिंबाच्या बागेतल्या दगडाखाली, शेणाच्या गोवऱ्यांच्या ढिगात तो असतोच. अहिराणीत त्याला ‘इच्चू’ म्हणतात. लहानपणी बूट झटकून घालायची सवय आम्हाला शाळेच्या आधी लागली.

माझ्या आजीचा धाकटा भाऊ विंचू चावून गेला. पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. पोरगा सात-आठ वर्षांचा. संध्याकाळी चावला, रडला. गावात विंचू उतरवणारे एक बाबा होते, त्यांनी मंत्र टाकला. थोड्या वेळाने पोरगा रडायचा थांबला. दुखत नाही म्हणाला. सगळ्यांना हायसं वाटलं. मग त्याला उलट्या झाल्या, अंगाला घाम सुटला, हातपाय गार पडले. पहाटे तोंडाला फेस आला आणि श्वास थांबला. आजी अजूनही म्हणते, “बाबांनी उतरवला होता रे, देवानेच नेलं.”

बाबांचं नाव मात्र या प्रकाराने खराब झालं नाही. नंतरही लोक त्यांच्याकडेच जात राहिले. का? तुम्ही संशोधनाची तयारी करताय, तर या प्रश्नावर जरा थांबा. बाबा खोटारडे होते आणि लोक अडाणी होते, हे सोपं उत्तर आहे आणि ते चुकीचं आहे. लोक आकडेच बघत होते. फक्त आकडा अर्धा होता.

समजा, बाबांकडे वर्षभरात शंभर माणसं विंचू चावून आली. त्यातल्या बऱ्याच जणांना काळ्या मोठ्या विंचवाने डंख मारलेला असणार. त्याला काही भागांत इंगळी म्हणतात. दिसायला तो भयंकर, पण आपल्याकडे माणूस मारतो तो बहुधा दुसराच, लहानसा तांबडा विंचू. त्याच्याही डंखात दरवेळी पुरेसं विष अंगात जात नाही. म्हणजे शंभरातले बहुतेक जण मंत्राशिवायही सकाळपर्यंत बरे झाले असते. बाबांनी मंत्र टाकला आणि ते बरे झाले. या दोन वाक्यांमधला ‘आणि’ आपण वाचताना ‘म्हणून’ करतो. औषधांच्या इतिहासातल्या निम्म्या चुका या एका शब्दाच्या आहेत.

आता हा प्रश्न मंत्राऐवजी गोळीला विचारू. कारण तांबड्या विंचवावरच्या उपचाराचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे, आणि पुरावा म्हणजे काय हे समजायला याहून चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

१९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंडले यांचा एक लेख आला. विंचू चावल्यावर फुफ्फुसात पाणी भरून माणसं मरतात, हे त्यांनी लिहून ठेवलं. मुंबईच्या गायतोंडे आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये लॅन्सेटमध्ये त्याच विषयावर लिहिलं. तिकडे इस्राएलमध्ये मोशे गेरोन आणि त्यांचे सहकारी तिथल्या विंचवांवर काम करत होते. अशा रुग्णांच्या लघवीत ॲड्रेनालिनच्या घराण्यातली द्रव्यं वाढलेली दिसतात, हे त्यांनी दाखवलं होतं. म्हणजे एक धागा समोर होता: हे विष शरीराचीच ‘पळा नाहीतर लढा’ ही यंत्रणा बेफाम सोडतं.

पण धागा हातात असणं आणि उपचार बदलणं यात अंतर असतं. त्या काळात विंचवाच्या रुग्णाला झोप आणणाऱ्या औषधांचं मिश्रण, स्टेरॉइड, डिजॉक्सिन, ॲट्रोपिन असं बरंच काही दिलं जायचं. ॲट्रोपिन घाम आणि लाळ कमी करतं, म्हणून ते द्यावंसं वाटणं साहजिक होतं. पण हृदयाची गती आवरणारा जो लगाम शरीराकडे असतो, तोच ॲट्रोपिन सैल करतं. आधीच उधळलेल्या घोड्याचा लगाम काढल्यासारखं ते होतं. लक्षण कमी झालं म्हणजे रोग कमी झाला, ही समजूत किती महागात पडते बघा.

१९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, एमबीबीएस नागपूरचं. कोकणात तांबडा विंचू भरपूर. त्यांच्यासमोर मुलं यायची आणि काही तासांत मरायची. केंद्रात ना अतिदक्षता विभाग, ना प्रयोगशाळा.

मग त्यांनी काय केलं? रुग्णाजवळ बसून राहिले आणि लिहून ठेवलं. कधी चावला, कधी उलटी झाली, घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हातपाय गरम की गार. हे वाचायला फार साधं वाटतं. पण अशा नोंदींमधूनच १९८२ मध्ये लॅन्सेटमधला त्यांचा लेख उभा राहिला: पुढे हृदयावर परिणाम होणार आहे हे आधीच सांगणारी लक्षणं कोणती? उलट्या, भरपूर घाम, लाळ, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता, गार पडलेले हातपाय. आणि त्यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येणारं एक निरीक्षण: ज्याला डंखाच्या जागी असह्य वेदना आहेत, पण बाकी काही नाही, तो बहुधा वाचतो. ज्याचं दुखणं फारसं नाही, पण अंग घामाने भिजलंय आणि हात गार आहेत, त्याच्याजवळून उठू नका.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. आजीचा भाऊ रडायचा थांबला होता. घरच्यांनी तोच उतार समजला.

यामागचं कारण आता बऱ्यापैकी माहीत आहे. या विंचवाच्या विषातले घटक चेतातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतात. चेता पुन्हा पुन्हा संदेश सोडत राहतात, ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिनचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांमध्ये रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि मागे फुफ्फुसात पाणी साचतं. तो पहाटेचा फेस म्हणजे हेच पाणी.

एकदा रोग असा समजला की उपचाराचा प्रश्न बदलतो. ‘विषावर उतारा काय?’ याऐवजी ‘आवळलेल्या नळ्या सैल कशा करू?’ असा प्रश्न होतो. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध नळ्या सैल करतं, पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावं लागतं, उजेडापासून झाकावं लागतं आणि रक्तदाबावर सतत लक्ष ठेवावं लागतं. आडगावात हे कोण करणार? प्राझोसिन मात्र गोळी आहे. रक्तदाबासाठी ती आधीपासून बाजारात होती, स्वस्त होती, आणि ॲड्रेनालिनचा संदेश रक्तवाहिनीपर्यंत पोचतो ते आल्फा नावाचं दारच ती बंद करते. १९८६ मध्ये हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लॅन्सेटमध्ये प्राझोसिनचा अनुभव मांडला. त्यांच्या लेखांत दिलेला हिशोब असा: प्राझोसिनच्या आधी पश्चिम भारतात अशा रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के मरायचे, नंतर ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं.

इथे टाळ्या वाजवून लेख संपवता आला असता. पुरस्कार, कौतुक, २०२२ ची पद्मश्री, सगळं रास्तच आहे. पण तुम्ही संशोधक होणार आहात, तर तोच वाईट प्रश्न इथेही विचारा, जो आपण बाबांना विचारला. ही गोळी दिली नसती तर त्यातले किती बरे झाले असते?

आधीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण अशी तुलना असते, तेव्हा मधल्या काळात गोळीखेरीजही बरंच बदललेलं असतं. लोक लवकर दवाखान्यात येऊ लागतात. रस्ता होतो, एसटी येते. डॉक्टरचं नाव झालं की सौम्य रुग्णही येतात आणि टक्केवारी आपोआप खाली येते. अपायकारक औषधं देणं बंद होतं, त्याचाही फायदा गोळीच्या खात्यावर जमा होतो.

तरीही बहुतेकांनी प्राझोसिन स्वीकारलं, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. फरक एवढा मोठा होता की तो सगळाच्या सगळा या कारणांनी समजावता येत नाही. रोगाची यंत्रणा आणि औषधाची यंत्रणा एकमेकांत कुलूपकिल्लीसारखी बसत होती. इतर ठिकाणच्या डॉक्टरांनाही तसाच अनुभव आला. आणि एवढं दिसल्यावर निम्म्या मुलांना साखरेची गोळी देऊन बघणं कोणाच्या विवेकात बसणार? बाबांच्या मंत्राकडे यातलं काहीच नव्हतं: ना यंत्रणा, ना नोंद, ना गेलेल्यांची मोजदाद.

पुढची पायरी प्रतिविषाची. मुंबईच्या हाफकिनने तांबड्या विंचवाच्या विषावर खास प्रतिविष तयार केलं. आता प्रश्न असा की प्राझोसिन असताना त्याची भर कशाला? इथे नैतिक अडचण नव्हती, कारण प्राझोसिन सगळ्यांनाच मिळणार होतं. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट करता आले. महाडला ७० रुग्ण घेतले, ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. निकाल २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. दहा तासांत पूर्ण बरे झालेले: प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्या गटात ३५ पैकी ८.

आकडा जबरदस्त आहे. पण बारीक अक्षरातलंही वाचा. कोणाला काय दिलंय हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही माहीत होतं. मोजलं ते बरं होण्याचं प्रमाण आणि वेळ. मृत्यू कमी होतात का, हे ७० जणांत कळणं शक्यच नव्हतं. आणि पुढच्या, जास्त गंभीर पायरीवर गेलेले रुग्ण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. म्हणजे या अभ्यासाने सांगितलं की प्रतिविषाने माणूस लवकर सावरतो. त्याने जीव जास्त वाचतात, असं तो म्हणत नाही. आपण तसं म्हणायचं नाही.

याच्या आधी, १९९९ मध्ये, ट्युनिशियात आठशेहून जास्त रुग्णांवर असाच प्रयोग झाला होता आणि तिथे प्रतिविषाचा काही फायदा दिसला नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात फक्त १५ गंभीर मुलांवर केलेल्या अभ्यासात मात्र स्पष्ट फायदा दिसला. मग खरं कोण? कदाचित तिघंही. ट्युनिशियात विंचू वेगळा, आणि तिथे सौम्य-गंभीर असा भेद न करता सरसकट सगळ्यांना प्रतिविष दिलं होतं. जे आपोआप बरे होणारच होते, त्यांच्या गर्दीत फायदा दिसणार कुठून? बघा, आपण फिरून बाबांच्या शंभर माणसांपाशीच आलो. आपोआप बरी होणारी माणसं मंत्राला यश देतात आणि चांगल्या औषधाचं यश झाकूनही टाकतात.

हे सगळं मी का सांगतोय? माझ्या पीएचडीचा पहिला आराखडा वनस्पतीच्या अर्काने उंदरांची जखम लवकर भरते का, यावर होता. अर्क मलमात घालून लावायचा, आणि तुलनेला काहीच न लावलेले उंदीर. समितीतल्या एका बाईंनी विचारलं, “अर्क न घालता नुसतंच मलम लावलं तर?” माझ्याकडे तो गटच नव्हता. मलमाने जखम ओली राहते आणि तेवढ्यानेही ती बरी भरू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आराखडा परत आला, सहा महिने गेले. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, मी शिकलेला मांत्रिकच होतो.

तुमचा आराखडा लिहायला बसाल तेव्हा तीन प्रश्न कागदाच्या वरच लिहून ठेवा. काहीच केलं नाही तर काय होईल? मी नेमकं काय मोजतोय, आणि दावा त्याहून मोठा तर करत नाही ना? आणि माझ्या मोजणीतून कोण सुटतंय, म्हणजे बाबांच्या हिशोबातून आजीचा भाऊ सुटला तसं?

गेल्या दिवाळीला सटाण्याला गेलो तेव्हा आजीला हे सांगितलं. बावस्कर डॉक्टरांचं, गार हातांचं, रडं थांबण्याचं. ती लसूण सोलत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हात गार होते त्याचे. मीच धरला होता.” आणि थोड्या वेळाने, “म्हणजे तेव्हा कोणीतरी पाहायला हवं होतं.”

तेवढंच. कोणालाही विंचू चावला आणि उलट्या, घाम, गार हातपाय दिसले, तर दुखायचं थांबलं म्हणून घरी थांबू नका. सरळ दवाखाना गाठा.