बार्शीचा तुलना-गट

कर्करोगावरील एखाद्या उपायाची चाचणी शास्त्रशुद्ध झाली की नाही, हे पाहणारा परीक्षक ज्यांना तो उपाय मिळाला त्यांच्याइतकेच बारकाईने ज्यांना मिळाला नाही त्यांच्याकडे पाहतो. हा दुसरा गट नसेल तर उपायाचे यश सिद्ध होत नाही; आणि तो असेल तर त्यातील माणसांचे काय, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्रात हा प्रश्न बार्शीच्या निमित्ताने उभा राहिला.

बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. मृत्यूचे कारण वैद्याने लिहून ठेवण्याची रीत खेड्यांत फारशी नव्हती. म्हणून नोंदणीचे कर्मचारी गावोगाव जाऊन चौकशी करीत. वरवर पाहता हे कारकुनी काम; पण ज्या प्रदेशात मृत्यू मोजले जात नाहीत, तेथे चाचणीचे परीक्षण तरी कशाच्या आधारे करावयाचे?

ह्या अनुभवाच्या बळावर १९९९ च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था ह्यांचे ते संयुक्त कार्य होते. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह, आणि चिठ्ठी टाकावी तशी त्यांची चार गटांत वाटणी. एका गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याला पेशींची म्हणजे पॅप तपासणी, तिसऱ्याला ॲसेटिक आम्ल लावून केवळ डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना नेहमीची वैद्यकीय सेवा तेवढी. आणि नेहमीच्या सेवेत अशी तपासणी जवळजवळ नव्हतीच.

निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ ह्या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चौथ्या गटात ह्या रोगाने ६४ स्त्रिया मृत्यू पावल्या; विषाणू-तपासणीच्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात ३४. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यू निश्चितपणे घटले, असे म्हणता आले नाही.

त्या ६४ मृत्यूंवरून वाद पेटला. एरिक सुबा ह्या अमेरिकन रोगनिदानतज्ज्ञाने मुंबईतून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ मध्ये २०१४ साली बार्शीच्या व तत्सम भारतीय चाचण्यांवर कठोर आक्षेप घेतला: पॅप तपासणीचा उपयोग जगाला कित्येक दशके ठाऊक असताना हजारो स्त्रियांना तपासणीविना ठेवावे कशासाठी? चाचणीच्या बाजूने उत्तर असे, की त्या खेड्यांत कोणतीच तपासणी नव्हती, आणि तुलनेवाचून तिन्ही पद्धती सारख्याच गुणकारी समजल्या गेल्या असत्या. हे उत्तर शास्त्राच्या दृष्टीने बळकट आहे; मात्र त्याने आक्षेप पुरता फिटत नाही. हेलसिंकीच्या १९६४ च्या जाहीरनाम्यात पुढे ज्या सुधारणा झाल्या, त्यांचा रोख तुलनेच्या गटालाही सिद्ध झालेला उत्तम उपाय मिळावा, असाच होता.

एरव्ही मोठ्या चाचणीवर स्वतंत्र देखरेख समिती असते. ती मधूनमधून आकडे तपासते आणि फरक निर्विवाद दिसला की चाचणी थांबविण्याचा सल्ला देते. गर्भाशयमुखाचा कर्करोग मात्र वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. आकडे बोलू लागेपर्यंत पुष्कळ मृत्यू घडून गेलेले असतात. अशा ठिकाणी खरी परीक्षा आरंभीच, नीतिसमितीच्या टेबलावर व्हावी लागते. आणि संमतीपत्रकावर अंगठा उठविणाऱ्या स्त्रीला आपण कोणत्या गटात आहोत, तपासणी अन्यत्र कोठे मिळेल, हे तिच्या भाषेत कळावे लागते.

भारतात चाचण्यांची जाहीर नोंदवही जुलै २००७ मध्ये उघडली. नव्या औषधांच्या चाचण्यांना तीत नोंद करणे १५ जून २००९ पासून सक्तीचे झाले. बार्शीची चाचणी औषधाची नव्हती. औषधाबाहेरच्या अशा आरोग्य-संशोधनाला मान्यता देणाऱ्या नीतिसमित्यांनाही सरकारदरबारी नोंदणी करणे भाग पडले, ते २०१९ च्या नियमांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली विषाणू-तपासणीलाच पहिली पसंती दिली.